दिवसभर राबणाऱ्या बाईला धाप का लागते?

श्रावणातल्या मंगळवारची गोष्ट. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मंगळागौरीची आरती झाली. जमिनीवरून उठताना पंचावन्नच्या एका काकूंनी एक हात चौरंगावर टेकला, दुसरा सुनेच्या खांद्यावर ठेवला आणि ‘आई गं’ म्हणत त्या कशाबशा उभ्या राहिल्या. मग खेळ सुरू झाले. कुणीतरी आग्रहाने त्यांना फुगडीला ओढलं. सहा-सात गिरक्यांतच काकूंनी हात सोडवून घेतले आणि भिंतीकडेची खुर्ची गाठली. चेहरा लाल, छाती भात्यासारखी वरखाली.

या काकू पहाटे साडेपाचला उठतात. दोन डबे, सासूबाईंचं पथ्याचं जेवण, धुणं-भांडी, भाजी, बँक, पुन्हा स्वयंपाक. पायाला भिंगरी लावल्यासारख्या त्या दिवसभर फिरत असतात. श्वास जरा खाली बसल्यावर त्या म्हणाल्या, “एवढी राबते मी, तरी हे असं कसं गं?”

प्रश्न रास्त आहे. व्यायामाचा विषय निघाला की महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांत हेच उत्तर मिळतं: “घरकाम होतंच की दिवसभर, आणखी वेगळा व्यायाम कशाला?” या उत्तरात आळस नाही, खरोखरचा थकवा आहे. मात्र थकणं आणि ताकद येणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्या निराळ्या का, हे कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

शरीर मोठं हिशेबी

स्नायू पोसायला शरीराला खर्च येतो. म्हणून जेवढं काम पडतं तेवढीच ताकद ते बाळगतं, वर एक पैही नाही. कामाची मागणी सवयीपेक्षा थोडी वाढली तरच ते नवी गुंतवणूक करतं.

याचं उत्तम उदाहरण बाळंतिणीच्या दंडात सापडतं. बाळ जन्मतं तेव्हा तीन किलोच्या आसपास असतं. वर्षाचं होईपर्यंत ते नऊ किलोच्या घरात जातं. आई त्याला दिवसातून पन्नास वेळा उचलते आणि वजन रोज इतकं थोडं वाढतं की तिच्या लक्षातही येत नाही. वर्षाअखेरीस नऊ किलोचं गाठोडं कडेवर घेऊन ती दुसऱ्या हाताने दूध उतू जाण्याआधी गॅस बंद करते. हेच पोर मावशीकडे दिलं, तर पाच मिनिटांत मावशीचा हात भरून येतो. व्यायामशाळेत वजनं हळूहळू वाढवतात त्यामागचं तत्त्व हेच. मूल चालायला लागलं की उचलणं कमी होतं आणि दंडातली कमाई वर्षभरात ओसरते. शरीराने हिशेब बंद केलेला असतो.

आता घरकामाकडे पाहा. कुकर वीस वर्षांपूर्वी जेवढा जड होता तेवढाच आज आहे. पोळ्या तेवढ्याच, ओटा तेवढ्याच उंचीचा. पहिल्या वर्षी या कामाने जी ताकद आली ती आली, पुढे शरीराला वाढ करायचं काही कारण उरलं नाही. उलट जी कामं खरी जड होती ती गेली. जातं, उखळ-मुसळ, विहिरीचा रहाट शहरांतून केव्हाच हद्दपार झाले. चूल जमिनीवरून ओट्यावर चढली, संडास बैठा राहिला नाही. ही सगळी सुखं हवीतच, जात्यावरच्या पहाटेबद्दल हळवं होणारे बहुतेक पुरुषच असतात. पण त्या सुखांबरोबर दिवसातून वीस-पंचवीस वेळा पूर्ण खाली बसून उठणंही गेलं. त्याची भरपाई कशानेच झाली नाही. चौरंगाला हात टेकावा लागतो तो यामुळे.

ताकद वाढायला दुसरी गोष्ट लागते विश्रांती. स्नायू व्यायाम करताना वाढत नाही. व्यायामात त्याच्यावर ताण पडतो, आणि नंतरच्या एक-दोन दिवसांत झोप आणि प्रथिनं मिळाली तर तो आधीपेक्षा मजबूत होतो. घरकामात ताण मध्यम, पण सलग सोळा तास, आणि त्याला रविवार नाही. म्हणजे शरीराला वाढायला भाग पाडेल इतका जोर नाही आणि सावरायला उसंतही नाही.

बसच्या जिन्यावरचा पुरावा

मग कामातून तब्येत सुधारतच नाही का? सुधारते, काम तशा जातीचं असेल तर. जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला आणि १९५३ साली तो प्रसिद्ध केला. चालक आणि वाहक एकाच बसवर, एकाच धुरात, साधारण सारख्याच परिस्थितीत काम करणारे. पण चालक पूर्ण पाळी बसून काढायचा, तर वाहक तिकिटं फाडत दिवसाला सहाशेच्या आसपास पायऱ्या चढायचा. हृदयविकाराचं प्रमाण चालकांमध्ये ठळकपणे जास्त निघालं. व्यायाम आणि हृदय यांचं नातं दाखवणारा हा पहिला भक्कम अभ्यास मानतात.

जिना चढताना मांड्यांचे मोठे स्नायू एकदम रक्त मागतात, हृदयाला ते जोरात पंप करावं लागतं. असं रोज झालं की हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, आणि तेच काम कमी ठोक्यांत होतं. पोळ्या लाटताना हृदयाकडे अशी मागणी जातच नाही. पाय ठणकतात, कंबर धरते, पण हृदय जवळजवळ निवांतच असतं.

एक खटकणारी बाब मात्र सांगायला हवी. मॉरिस यांच्या अभ्यासातले कर्मचारी पुरुष होते. पुढेही बराच काळ वैद्यकीय संशोधनात पुरुषाचं शरीर हेच ‘शरीर’ धरलं गेलं. खेळांत तर त्याहून वाईट. १९२८च्या अॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायका ८०० मीटर धावल्या, शर्यतीनंतर दमून बसल्या, आणि ‘हे बायकांना झेपणारं नाही’ असा गवगवा करून ती शर्यत १९६०पर्यंत बंद ठेवली गेली. दमलेले पुरुष कुणी मोजले नाहीत. बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये यायला १९८४ उजाडलं.

हाडांचं रस्तेकाम

हाड म्हणजे वाळलेलं लाकूड, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ते महापालिकेच्या रस्त्यासारखं असतं, कुठे ना कुठे काम चालूच. एक टोळी जुनं हाड खणून काढते, मागून दुसरी टोळी नवं भरते. खणणाऱ्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात, भरणाऱ्यांना ऑस्टिओब्लास्ट. हाडाच्या आत रुतून बसलेल्या तिसऱ्या पेशी कुठे किती ताण पडतोय यावर नजर ठेवतात. ज्या रस्त्यावर वाहतूक जास्त तो त्या आधी दुरुस्त करून घेतात. (इथे महापालिकेशी साम्य संपतं.) हाड भारानुसार स्वतःला घडवतं, हे जर्मन शल्यविशारद युलियुस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलं होतं. टेनिसपटूच्या रॅकेट धरणाऱ्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं ते यामुळेच.

खणणाऱ्या टोळीवर एक कडक मुकादम असतो: इस्ट्रोजेन हे संप्रेरक. तो असेपर्यंत खणणं आटोक्यात राहतं. पाळी गेली की मुकादम रजेवर जातो, तो कायमचाच. पुढची पाच-सात वर्षं खणणं जोरात आणि भरणं मागे, अशी अवस्था असते. भारतीय बायकांची पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळिशीत, पाश्चात्त्य बायकांच्या चार-पाच वर्षं आधीच थांबते. म्हणजे मुकादम आपल्याकडे लवकर जातो.

मुकादम परत आणणं व्यायामाच्या हातात नाही, पण रस्त्यावरची वाहतूक वाढवणं आहे. भार नसला की काय होतं हे अंतराळात दिसतं. तिथे वजनच नाही, त्यामुळे व्यायाम केला नाही तर अंतराळवीराच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला एक ते दीड टक्का घटते. पाळी गेलेल्या बाईचं जेवढं हाड साधारण वर्षभरात जातं, तेवढं तिथे महिन्यात जातं. म्हणून अंतराळस्थानकात रोज दोनेक तास व्यायामासाठी राखलेले असतात. सुनीता विल्यम्स यांनी १६ एप्रिल २००७ रोजी तिथल्या ट्रेडमिलला स्वतःला पट्ट्यांनी बांधून घेतलं आणि बोस्टन मॅरेथॉनचं पूर्ण अंतर धावून काढलं. त्या पट्ट्या होत्या शरीर खाली ओढून हाडांवर भार आणण्यासाठी.

हाडाला लागतो तो दणका आणि ओढ. चालण्याने थोडा मिळतो, जिन्याने जास्त, उडीने आणखी जास्त, वजन उचलताना स्नायू हाडाला खेचतात तेव्हा भरपूर. पोहणं हृदयासाठी झकास, पण पाणी भार उचलून धरतं, त्यामुळे हाडांना त्याचा फारसा उपयोग नाही. नुसतं फिरायला जाणाऱ्या मैत्रिणींना म्हणूनच सांगावंसं वाटतं की फिरणं सोडू नका, पण तेवढ्यावर थांबू नका.

साखरेसाठी परसदार

जेवणानंतर रक्तात साखर वाढते. ती ठेवायची सर्वांत मोठी कोठी म्हणजे स्नायू. या कोठीच्या पुढच्या दाराची किल्ली इन्सुलिनकडे असते. मधुमेहाकडे झुकणाऱ्या शरीरात ही किल्ली कुलपात नीट फिरत नाही. किल्ल्यांचा ढीग पडतो आणि साखर अंगणातच उभी राहते.

पण या कोठीला परसदारही आहे. स्नायू आकुंचन पावला की ते आतून उघडतं, तिथे इन्सुलिनची गरज पडत नाही. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाललं की साखर उतरते ती या वाटेने. शिवाय व्यायामानंतर दिवसभर, कधी दोन दिवस, पुढच्या दाराचं कुलूपही सैल राहतं. व्यायामात सलग दोन दिवसांहून जास्त खंड पडू देऊ नये, असं मधुमेहतज्ज्ञ सांगतात ते यासाठी.

पीसीओएसमध्येही, म्हणजे पाळी लांबणे, हनुवटीवर केस येणे, वजन वाढणे अशी लक्षणं असलेल्या मुलींमध्ये, बहुतेक वेळा हीच किल्ली अडकलेली असते. जास्तीचं इन्सुलिन बीजकोशांना पुरुषी संप्रेरकं जास्त बनवायला लावतं. वजन काट्यावर अजिबात उतरलं नाही तरी व्यायामाने किल्ली फिरू लागते, हे त्यांच्या आयांनी मुद्दाम लक्षात ठेवावं.

“वजनं उचलली तर मुलगी पुरुषी दिसेल” ही भीती मात्र सोडून द्यायला हरकत नाही. पिळदार शरीरासाठी लागणारं टेस्टोस्टेरॉन पुरुषांत बायकांच्या साधारण पंधरापट असतं. अपघाताने कुणी पहिलवान होत नाही.

कुणी न बोलणारी झोळी

खोकताना, शिंकताना, खळखळून हसताना चार थेंब लघवी निसटते. हे कितीजणींना होतं ते विचारलं तर कुणी हात वर करणार नाही, आणि म्हणूनच इथे लिहायला हवं. मूत्राशय, गर्भाशय आणि मोठ्या आतड्याचं टोक ज्यावर विसावलेलं असतं ती स्नायूंची झोळी ओटीपोटाच्या तळाशी ताणून बांधलेली असते. बाळंतपणात ती ताणली जाते, पाळी गेल्यावर सैल पडते. झोळी म्हणजेही स्नायूच, त्यामुळे ती व्यायामाने घट्ट होते. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नॉल्ड केगल यांनी १९४८ मध्ये हा व्यायाम मांडला.

करायचं एवढंच: चारचौघांत वायू सरू नये म्हणून आपण जे स्नायू आवळतो ते आवळायचे, पाच सेकंद धरायचे, तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचे. दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही. सराव निदान तीन महिने हवा. कुकरच्या शिट्या मोजताना हा व्यायाम होतो आणि शेजारी उभ्या जावेलाही कळत नाही. फरक पडला नाही तर डॉक्टरांकडे जा, ‘वयाचंच आहे’ म्हणून पॅड लावत बसू नका.

मंगळागौरीत दडलेली व्यायामशाळा

पुन्हा त्या हॉलमध्ये जाऊ. नऊवारीचा काष्टा घातलेल्या मुली पिंगा घालत होत्या. गुडघे किंचित वाकलेले, पाय आपटत डावी-उजवीकडे. दर आपटण्याला पोटरीपासून खुब्यापर्यंत दणका, म्हणजे हाडांचं खाद्य. फुगडीत दोघींना एकमेकींचं वजन हातांनी तोलून धरावं लागतं, मागे रेलून गिरकी घेताना कानातलं तोल सांभाळणारं यंत्र कामाला लागतं. बसफुगडीत तर उकिडवं बसून पाय आलटून-पालटून पुढे टाकायचे. मांड्या पेटतात अगदी! झिम्म्यात हात, पाय आणि ताल एकत्र. एखाद्या प्रशिक्षकाने ठरवून आखला तरी याहून पुरता कार्यक्रम होणार नाही.

व्यायाम किती जोराचा हेही इथे कळतं. बोलता येतंय पण गाता येत नाही, म्हणजे मध्यम जोर. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतोय, म्हणजे जास्त जोर. मंगळागौरीत म्हणूनच खेळणाऱ्या दोघी गप्प होतात आणि गाणं रिंगणातल्या बाकीच्या उचलतात.

अडचण एकच. तो खेळ आपण वर्षातून एका रात्री खेळतो, आणि दुसऱ्या दिवशी आठवडाभराचं दुखणं घेऊन बसतो. मंगळागौरीची सुपारी घेणारे बायकांचे ग्रुप आता गावोगाव आहेत. त्यांच्यातल्या पन्नाशीच्या बायका तासभर नाचून हसत उभ्या असतात, कारण त्या कित्येक आठवडे आधीपासून तालीम करतात. शरीर तेच, वय तेच. पण गुडघे दुखत असतील, हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल किंवा ओटीपोटाची तक्रार असेल, तर उड्या आणि बसफुगडीपासून सुरुवात नको.

सुरुवात खुर्चीपासून

आधी परीक्षा. बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर घडी करा, आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजा. साठ ते चौसष्ट वर्षांच्या बाईला बारापेक्षा कमी जमलं तर पायांची ताकद सरासरीखाली समजतात. चाळिशीतच बारा होत नसतील तर काय समजायचं ते आपलं आपण ठरवावं.

ही परीक्षाच पहिला व्यायाम. आठ-दहा वेळा उठबस, थोडी विश्रांती, असं दोन-तीनदा. सोपं वाटू लागलं की हातात लिटरभर पाण्याची बाटली घ्या, ती साधारण एक किलोची असते. मग दोन बाटल्या, मग पाच किलो कणकेची पिशवी. दंड-छातीसाठी भिंतीवर हात टेकून जोर काढा, पुढे तेच ओट्यावर. जिन्याच्या पायरीवर कठडा धरून टाचा वर-खाली करा. गुडघा दुखतो म्हणून मांडीचे व्यायाम टाळू नका. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार हलका होतो, आणि सांध्यातल्या कूर्चेला रक्तपुरवठा नसल्याने तिचं पोषण स्पंजसारखं दाबलं-सुटलं जाण्यातूनच होतं.

आधी एक तपासणी मात्र करून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांत रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त. हिमोग्लोबिन बारापेक्षा कमी असेल तर धापेचं कारण कदाचित तिथेच असेल. तेव्हा आधी लोहाच्या गोळ्या, जेवणावर लिंबू, आणि चहा जेवणापासून लांब. ऊसतोडीला किंवा भातलावणीला जाणाऱ्या बाईला तर ‘व्यायाम करा’ सांगणं ही चेष्टाच. तिला हवी विश्रांती, ताटात डाळ-उसळ आणि वेळेवर औषध.

चौकट: आठवड्याचा हिशेब

• भरभर चालणं किंवा तत्सम मध्यम व्यायाम: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं (जागतिक आरोग्य संघटना, २०२०).
• ताकदीचे व्यायाम: आठवड्यातून किमान दोन दिवस, मधे एक दिवस सोडून.
• पासष्टीनंतर तोलाचे व्यायामही, आठवड्यातून तीनदा: कठड्याजवळ एका पायावर उभं राहणं, सरळ रेषेत चालणं.
• पाळीच्या दिवसांत व्यायाम चालतो. झेपेल तेवढा करा.
• गरोदरपणात डॉक्टरांना विचारून. बहुतेकींना चालणं बंद करण्याची गरज नसते.
• छातीत दडपण, चक्कर, जबडा किंवा हात दुखणं, न थांबणारी धाप: व्यायाम थांबवा, लगेच डॉक्टर गाठा.

वेळ कुठून आणायचा

२०२४च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात बायकांची बिनपगारी घरकामात रोज २८९ मिनिटं जातात असं निघालं. पुरुषांची जातात ८८. २०२२च्या आकडेवारीनुसार ५७ टक्के भारतीय बायका पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत, पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के आहे. हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचा, म्हणजे ‘बायकांनी आरोग्याकडे लक्ष द्यावं’ या भाषणांचा राग का येतो ते कळेल.

आठवड्याच्या दीडशे मिनिटांचे दिवसाला जेमतेम बावीस होतात. ती मिनिटं सकाळचा चहा, कुकर आणि डबा यांच्यात अडकलेली आहेत, आणि ती सोडवायला जिम लागत नाही, घरातलं दुसरं माणूस लागतं. हा लेख वाचणारे तुम्ही ते दुसरं माणूस असाल, तर उद्याचा चहा तुम्ही ठेवा. आणि तुम्ही त्या काकू असाल, तर चहा कसा झालाय ते बघायला स्वयंपाकघरात जाऊ नका, बूट घाला.